जास्तीची चौकट

टॉलिव्हर, वेस्ट टेक्सास
रविवार, ११ जून १९७२

प्रिय ऑर्लिन,

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची यादी तिकडे न्यू मेक्सिकोत कुणी करत असेल, तर तिच्यात एक ओळ माझ्याकडून घालायला सांग. गेले दोन महिने व्हर्नेलच्या खानावळीत मला पीच कॉबलर मिळालेला नाही. तो संपला असता तर मी तक्रार केली नसती. काचेच्या कपाटात तो माझ्या समोर असतो. वरचा पापुद्रा तांबूस झालेला, कडेने पाक ओघळलेला, काचेवर अजून वाफ. मी स्टुलावर बसते, पर्स मांडीवर ठेवते आणि सभ्य बाईने मागावा तसा मागते. व्हर्नेल फडक्याने काउंटर पुसत, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणते, "संपलाय." आणि त्याच हाताने शेजारच्या बाप्याला भला मोठा तुकडा कापून देते. कॉफी मिळते, पण चमच्याशिवाय. साखर मी काय बोटाने ढवळायची? गंमत बघ. जमिनीखालचं तेल संपेल म्हटलं की ज्या गावाच्या अंगाचा तिळपापड होतो, त्याच गावात कॉबलर मात्र माझी चाहूल लागली की संपतो.

हे सगळं माझ्याच तोंडामुळे, पण निमित्त तू. तुझं नाव गेल्या आठवड्यापासून गावात पुन्हा ऐकू येतंय, आणि तेही आदराने, म्हणून माझे कान टवकारलेत. त्याकडे मी येणारच आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, पण इतक्या वर्षांत एकदाही लिहिलं नाही, तेव्हा आल्या आल्या ताकच मागायला कसंसंच वाटतं. आधी इकडचं सांगते. येत्या शनिवारी टॉलिव्हर एका कर्जावर मतदान करणार आहे. तीस वर्षांचं कर्ज, आणि तारण काय, तर पायाखालचं तेल. मी नको म्हणतेय. गावाचं म्हणणं असं की मी एकटीच नको म्हणतेय.

माझी चौकट तुला आठवत असेल. 'सेंटिनल'च्या पहिल्या पानावर, उजवीकडे वर, जिथे शहाणी वर्तमानपत्रं हवामान छापतात तिथे. मथळा 'दिवस', आणि खाली एकच आकडा. या महिन्यात विहिरींनी किती दिवस तेल काढायचं, तो राजधानीतून, ऑस्टिनहून ठरून आलेला आकडा. तेल फार झालं की भाव कोसळतो, म्हणून राज्याने विहिरींना उपास लावून दिलेले, आणि तेही अशा कचेरीकडून जिच्या नावात रेल्वे आहे. आपल्याला त्याचं कधी हसू आलं नाही, आपण त्यातच वाढलो. तू गेलास त्यानंतर तर तो आकडा आठापर्यंत उतरला. महिन्यातले आठ दिवस विहिरी चालणार, बाकीचे दिवस पंपांच्या माना खाली आणि नवरे घरात पायात पायात. रस्त्यात माणूस भेटला की "कसं काय" नाही, "किती दिवस?" पुढे कचेरीने दिवसांऐवजी टक्के सुरू केले, पण टॉलिव्हरने टक्के मानले नाहीत. मी गणित करून दिवसच छापत राहिले. आणि बंद दिवसांचं कुणाला दुःख नव्हतं, उलट मिजास होती. ते आपले साठवणीतले दिवस. आठ चालले म्हणजे बावीस जमिनीखाली शिल्लक, सरळ हिशोब. देशाला लढाईत लागलं तर नळ सोडू, पोरीचं लग्न निघालं तर नळ सोडू. माझी आई शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली होती, "काळजी करू नकोस, अजून बावीस दिवस आहेत." मला आधी वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंय.

अशा श्रद्धाळू गावाच्या भर जेवणावळीत तू आलेखाचा कागद घेऊन उभा राहिलास. सत्तावन्न सालचा वसंत, ऑईल क्लबचं वार्षिक जेवण. पोटात धुरावलेलं बीफ आणि हातात बियर असलेल्या माणसांना आलेख दाखवू नये, एवढं साधं भूगर्भशास्त्रात शिकवत नसावेत. आजवर जेवढं तेल सापडलं आणि यापुढे जेवढं सापडेल असं उदार मनाने धरलं, तेवढ्याच्या तू त्या कागदावरच्या बारीक बारीक चौकटी मोजल्या होत्यास. मग त्यांच्यावरून टेकडीसारखी रेघ. तेल सापडण्याची टेकडी आपण कधीच चढून उतरलोय, म्हणालास, तेल काढण्याची टेकडी तिच्या मागून त्याच पावलांनी येतेय. देशाचा माथा सत्तर सालाच्या आसपास, मग उतार. कोपऱ्यात आणखी एक टेकडी होती, मोठी, सगळ्या जगाची. तिचा माथा दोन हजार सालाजवळ. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दोन हजार साल म्हणजे तेव्हा आपल्याला परग्रहासारखं वाटायचं. हॉईट बॅस्कम उठला. विहिरी त्याच्या, 'सेंटिनल' त्याचं, त्यामुळे गावाने हसायचं कधी हे ठरवायचा हक्कही त्याचाच. "टीग, जरा उंच काढ की टेकडी! तुझ्या बापाचं काय जातं?" तू शांतपणे म्हणालास, "काढतो. उंच काढली की अरुंद होते, लांब काढली की बुटकी होते. तुम्हाला हवी तशी काढा, हॉईट. पण जास्तीची चौकट कुठून आणणार?" त्यावर जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. त्या दिवसापासून तू चौकट्या. पेट्रोल पंपावरची पोरं तुझी गाडी दिसली की ओरडायची, "चौकट्या, जास्तीची असेल तर दे की एखादी!"

तू आणखी एक वाक्य बोलला होतास. ते हशात बुडालं, पण मी पहिल्या रांगेत होते. ज्या महिन्यात ऑस्टिन सगळे दिवस देईल, म्हणालास, त्या महिन्यात टोप्या काढा. प्रेतयात्रा दिसली की आपण गाडी कडेला घेतो आणि टोपी काढतो, तशा. हे ऐकलं आणि मीच उठले. छत्तिशीत होते, जीभ नवी नवी धार लावलेली, आणि सगळा हॉल आयता हसायला बसलेला. मी म्हटलं, "माझ्या चौकटीत माझ्या हयातीत 'सगळे' हा शब्द छापला गेला, तर मी ऑर्लिन टीगला टोपी घेऊन देईन. फेल्टची, चंदेरी." टाळ्यांनी पत्रे हलले. तू फक्त एवढंच विचारलंस, "माप विचारून ठेवलंयस का?"

तर मार्चात ऑस्टिनहून फोन आला. एप्रिलपासून शंभर टक्के, म्हणजे सगळे दिवस. मी तो शब्द कागदावर लिहून घेतला आणि क्लबात नेऊन वाचला, कारण दुपारचं जेवण चालू होतं आणि गावाची सगळी डोकी तिथे होती. सगळ्या टोप्या हवेत गेल्या. छताचा पंखा चालू होता, त्यात दोन टोप्यांचं भरीत झालं आणि त्याचंही कौतुक झालं. चाळीस वर्षांचा उपास सुटला म्हणून म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. कुणीतरी मला उचलून गोल फिरवलं. मी त्या गरगरण्यात विचार करत होते, की राखणदार कोठाराचं कुलूप कधी काढतो? आत राखण्यासारखं जास्तीचं काही उरलं नाही, म्हणजे काढतो. आणि आम्ही कुलूप निघालं म्हणून नाचत होतो. तिथून मी थेट छापखान्यात गेले. निधनवार्तेला लावतो ती जाड काळी किनार माझ्या हाताने माझ्या चौकटीभोवती लावली. दिवस: सगळे. खाली एक ओळ: टोप्या काढाव्यात.

गुरुवारी पेपर वाटला गेला आणि दुपारी हॉईट तो हातात घेऊन माझ्या टेबलाशी. "नेल्डा, बाई माझे, कोण मेलंय?" मी म्हटलं, "नाव अजून कळायचंय, पण अंग थंड लागतंय." तो लाल झाला. "त्या चौकट्याचं भूत तुझ्या डोक्यावरून अजून उतरलं नाही वाटतं!" "भूत नाही, हॉईट. देणं आहे." ते त्याला कळलं नाही. कळण्याच्या मनःस्थितीतही तो नव्हता, कारण त्याच्या काखेत स्टेडियमचे नकाशे होते. शाळेच्या फुटबॉलसाठी स्टेडियम, ऑर्लिन. चौदा हजार खुर्च्यांचं. गावात माणसं सहा हजार. तान्ही आणि स्मशानातली धरली तर आठ होतील. उरलेले बसायला कुठून येणार, असं विचारणं हा फुटबॉलचा अपमान समजला जातो. त्या उरलेल्या खुर्च्यांना तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. सगळे दिवस मिळाले, आता तेल दुप्पट, तेलावरचा कर दुप्पट, मग कर्जाला काय घाबरायचं, असा समितीचा हिशोब. समिती म्हणजे हॉईट. त्याने माझी चौकट काढून घेतली आणि मला लग्नाच्या बातम्या आणि पाककृतींचं पान दिलं. नोकरीवरून काढलं नाही. तो म्हणाला, "मी सूडबुद्धीचा माणूस नाही." खरं कारण हे की इतक्या कमी पगारात शुद्ध लिहिणारं दुसरं कुणी मिळत नाही.

मेच्या शेवटी एप्रिलचा आकडा आला. सगळे दिवस, सगळ्या विहिरी, चोवीस तास. पंपांनी मान वर करायला उसंत घेतली नाही. आणि टॉलिव्हरच्या जमिनीने दिलं किती, तर गेल्या एप्रिलइतकंच, उलट ओंजळभर कमी. नळ पूर्ण उघडला आणि धार तेवढीच. चाळीस वर्षं साठवलेले ते बावीस दिवस उघडून बघितले आणि आत नुसते दिवस होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हॉईट म्हणतो, विहिरींना सवय व्हायला वेळ लागतो. जशा काही त्या नव्या सुना आहेत. हा आकडा पहिल्या पानावर आला नाही, कुठल्याच पानावर आला नाही. तेव्हा पुढच्या गुरुवारी मी माझ्या पानावर 'स्टेडियम केक' छापला. सहा जणांपुरतं पीठ घ्यावं. भांडं चौदा जणांचं घ्यावं. विस्तव पूर्ण मोठा करावा. केक गेल्या वर्षीएवढाच फुगला तर भांड्याला सवय व्हायला वेळ लागतो, असं पाहुण्यांना सांगावं. भांड्याचे हप्ते तीस वर्षं भरावेत. टॉलिव्हरच्या बायका पाककृती न वाचताच कात्रीने कापतात आणि स्वयंपाकघरात टाचतात. त्यामुळे माझा अग्रलेख आज गावातल्या घरोघर चुलीशेजारी लागलेला आहे, आणि हॉईटला तो परत मागता येत नाही. दोन बायकांनी मला साखरेचं प्रमाण विचारलं. बाकीच्यांना कळलं असावं, कारण चर्चमध्ये माझ्या बाकावर आता भरपूर जागा असते.

पण व्हर्नेलवर मी राग धरू शकत नाही. परवा खानावळ रिकामी होती, तेव्हा ती आपणहून समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "हे बघ नेल्डा, तुझं खरंच असेल. पण खरं घेऊन मी काय करू? ते काय तव्यावर भाजता येतं? तिघांतला एक पोरगा गावात राहिलाय माझा. स्टेडियम झालं तर दोन वर्षं त्याला काँक्रीटचं काम आहे. तुझी ती टेकडी उतरायची तेव्हा उतरेल गं. तो उद्याची बस धरेल." मी कॉफी तशीच ठेवली. मग म्हटलं, "आणि दोन वर्षांनी? काम संपेल, हप्ते अठ्ठावीस वर्षं उरतील, ते त्याच्याच घरावर बसतील. पोराला गावात बांधून ठेवायला दोर हवा, मान्य. पण तुम्ही तो त्याच्या कमरेला बांधत नाही आहात, व्हर्नेल, गळ्याला बांधताय." तिने बराच वेळ पुसलेलीच काच पुसली. मग दाराकडे बघून हळूच विचारलं, "एप्रिलचा आकडा खरा होता?" "खरा." "कॉबलर संपलाय," ती म्हणाली आणि आत गेली. पण त्या दिवशी दुसऱ्या कॉफीबरोबर चमचा आला.

आता तू म्हणशील, आणि तुझा तो मास्तरी आवाज मला ऐकूही येतोय, की नेल्डा, पहिली टेकडी बरोबर आली म्हणून दुसरी येईलच असं नाही. कबूल. तू तेव्हाही म्हणाला होतास, मला जेवढं दिसतं तेवढ्याच चौकटी मी मोजल्यात. उद्या कुणी समुद्राच्या पोटात हात घालेल, कुणी दगड पिळून तेल काढेल, आणि तुझी ती जगाची टेकडी दहा-वीस वर्षं पुढे सरकेल, नाहीतर तिला उंटासारखी दोन वशिंडं फुटतील. फुटू देत. भाकीत चुकण्याचं मला काही वाटत नाही. मी सध्या दर आठवड्याला चार जोडप्यांबद्दल 'सुखाने नांदतील' असं छापते, तेव्हा चुकीच्या भाकितांची मला चांगली सवय आहे. पण चुकणं वेगळं आणि समोर बसलेल्यांची तोंडं बघून रेघ वाकवणं वेगळं. मोजून चुकलेल्या माणसाबरोबर मी जेवायला बसेन. न मोजता बरोबर आलेल्याबरोबरही बसेन एखाद वेळी. पण मोजलेलं खिशात ठेवून लोकांना हवी ती टेकडी काढून देणाऱ्याला मी माझ्या टेबलावर चमचासुद्धा देणार नाही.

तू गेलास तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर सारखा येतो हल्ली. वाळूचं वादळ सुटलेलं, तू गाडीत पुस्तकं भरत होतास, आणि मी 'सेंटिनल'साठी दोन ओळींची बातमी घ्यायला आले, असं सांगत तिथे उभी होते. मला डोळे उघडता येईनात, तेव्हा तू तुझी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातलीस. ती कानांपर्यंत खाली आली. मग तू काहीतरी विचारलंस. मी म्हटलं, वाऱ्यात ऐकू आलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस, टोपी घेतलीस आणि गाडी चालू केलीस. वारा फार होता त्या दिवशी. गेली चौदा वर्षं मी तरी असंच म्हणते.

तर आता ताक. मंगळवारी हॉईटचं पत्रक दारोदार आलं. त्याचं चित्र, स्टेडियमचं चित्र, आणि मधोमध ठळक अक्षरांत: 'सत्तावन्न साली ज्यांनी देशाच्या तेलाचं अचूक भाकीत केलं, ते टॉलिव्हरचे सुपुत्र ऑर्लिन टीग शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये स्वतः सांगतील: पुढची तीस वर्षं टॉलिव्हर निश्चिंत.' खाली लहान अक्षरांत, स्टेडियमशेजारी 'टीग विज्ञान भवन'. बघ, चौकट्या गेला आणि सुपुत्र आला. हॉईट स्वतः गाडी घेऊन तुझ्याकडे पोर्टालेसला येऊन गेला, एवढं मला कळलंय. तू हो म्हटलंस की नाही ते कळलेलं नाही. विहीर खणायच्या आधी पिंपं मोजायची हॉईटची खोड जुनी आहे. पण म्हटलंही असशील. ज्या हॉलने हसून बाहेर काढलं, त्याच गावाने उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, हा मोह केवढा असतो ते मला कुणी सांगायला नको. त्या दिवशी तुझ्या वाट्याच्या टाळ्या मीच तर खाल्ल्या होत्या. तेव्हा मी विचारत नाही, आणि उत्तरही पाठवू नकोस. मी हे पत्र लिहिलं ते एवढंच सांगायला, की शुक्रवारी मी पहिल्या रांगेत असेन, माझ्या जुन्या जागी. तुझ्या मोजण्यात खरंच नवं काही सापडलं असेल, तर ते आकड्यांनिशी सांग, मी पाककृतींच्या पानावर माफी छापेन. जुनंच असेल आणि तू ते तसंच सांगितलंस, तर या गावात आपण दोघं होऊ, आणि व्हर्नेलकडे दोन कॉफ्यांत एक चमचा पुरेल. पण तू हॉईटची टेकडी काढलीस, तर भर सभेत उठून मी एकच विचारीन: ऑर्लिन, जास्तीची चौकट कुठून आणलीस? मग ते जिम मला हसलं तरी चालेल. तुझं वाक्य आहे ते, तू टाकून दिलंस तर मी उचलून ठेवीन. सोबतच्या खोक्यात टोपी आहे. फेल्टची, चंदेरी. जूनच्या उन्हात लोकरीचं फेल्ट कुणी घालत नाही हे मला कळतं, पण पैज फेल्टची होती. मार्चपासून वाटत होतं तू मागशील, तू मागितली नाहीस. शुक्रवारी तू काय बोलशील त्याच्याशी तिचा काही संबंध नाही, जे बोलून झालंय त्याची ती आहे. ओडेसाच्या दुकानदाराने माप विचारलं. मला आकडा सांगता येईना. मग आरशासमोर उभी राहून एकेक टोपी स्वतःच्याच डोक्यावर घालून बघितली, आणि जी कानांपर्यंत खाली आली ती घेतली.

तुझीच, आणि तरीही पहिल्या रांगेतली,
नेल्डा